झीज किती आणि जपणूक किती?



यंत्रावर पोट असणाऱ्याला झीज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले; पुढचे यंत्रमागावर झाले. धोटा एका खेपेत झिजत नाही, पण खेपांचा हिशेब ठेवला की त्याचे आयुष्य कळते. आज आमच्या संघटनेची वर्गणीची वही संगणकात असते. तो संगणक लिनक्सवर चालतो, कारण तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. त्यातल्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हची झीज कशी होते, ती कशी कमी करावी, आणि कमी करण्याच्या नादात काय करू नये, या तीन गोष्टी आज सांगावयाच्या आहेत. तिसरी आम्ही स्वतः चुकून शिकलो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. या ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नाही. विद्युत्‌भार कोंडून ठेवणाऱ्या असंख्य सूक्ष्म पेशी आहेत. ही 'फ्लॅश' स्मृती जपानातील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिचा आज सर्रास वापरला जाणारा 'नँड' प्रकार १९८७ साली जाहीर झाला. पेशीतला भार बाहेर जाऊ नये म्हणून विद्युत्‌रोधक असा पातळ थर असतो. लिहिताना व पुसताना इलेक्ट्रॉन या थरातून जबरीने ढकलावे लागतात, आणि दर खेपेस थर किंचित खराब होतो. वाचण्याने अशी झीज जवळजवळ होत नाही. पेशीत एकच बिट ठेवला तर ती सुमारे १ लाख खेपा सोसते. तीन बिटांची पेशी सुमारे १ ते ३ हजार खेपा सोसते, आणि चार बिटांची त्याहून कमी. स्वस्ताईची किंमत ही अशी मोजावी लागते.

आता एक चाळ डोळ्यांपुढे आणा. या चाळीत नवे बिऱ्हाड एका खोलीत येऊ शकते, पण साफसफाई मात्र सबंध चाळीचीच होते. एक खोली साफ करावयाची तर बाकीच्या बिऱ्हाडांना सामानासह दुसरीकडे हलवावे लागते. ड्राइव्हमध्ये असेच आहे. लिहिणे पानागणिक होते, पुसणे शेकडो पानांच्या गठ्ठ्यागणिक होते. म्हणून आपण थोडे लिहिले तरी आत त्याहून अधिक लिहिले जाते.

यावर उपाय म्हणून ड्राइव्हमध्ये एक नियंत्रक बसवलेला असतो. तो चांगल्या मुकादमासारखा वागतो. एकाच गड्यावर सारे ओझे पडू देत नाही, पाळीपाळीने सर्वांना कामाला लावतो, आणि अडीनडीला काही बदली कामगारही राखून ठेवतो. जागा शिल्लक असेल तरच ही वाटणी नीट होते. म्हणून ड्राइव्ह गच्च भरू नये. दहा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी. हा पहिला नियम.

दुसरा नियम ट्रिमचा. आपण फाइल खोडली तरी ड्राइव्हला ते कळत नाही. बिऱ्हाड गेले, पण मालकाला वर्दी नाही; तो बापडा सफाईच्या वेळी रिकाम्या खोलीतले टाकाऊ सामानही इकडून तिकडे वाहत राहतो. ही वर्दी देण्याचे काम 'एफएसट्रिम' करते. आठवड्यातून एकदा ते आपोआप चालावे अशी घड्याळी सोय लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते; ती चालू आहे ना, एवढे पाहावे. मात्र वर्दी गेल्यावर खोडलेली फाइल परत मिळण्याची आशा सहसा धरू नये.

तिसरी गोष्ट वाचनवेळेची. युनिक्सच्या घराण्यात फाइल वाचली की वाचल्याची वेळ नोंदण्याचा रिवाज जुना आहे. म्हणजे नुसते वाचले तरी लिहिणे होतेच. २००९ पासून लिनक्स आपण होऊन 'रिलएटाइम' ही सवलत वापरते. फाइल बदललेली असेल किंवा मागच्या नोंदीला एक दिवस उलटला असेल तरच नवी नोंद होते. तीही नको असेल तर 'एफएसटॅब'मध्ये 'नोएटाइम' लिहावे.

चौथी गोष्ट स्वॅपची. मुख्य स्मृती अपुरी पडली की संगणक ड्राइव्हवर सामान ठेवू लागतो. स्वॅप साफ बंद करू नये, नाही तर अडचणीच्या वेळी चालू काम मारले जाते. 'स्वॅपिनेस'चा आकडा मूळचा ६० असतो, तो १० करावा. आणि जमल्यास मुख्य स्मृतीच वाढवावी. रोजनाम्याच्या फाइलींनाही कमाल मर्यादा घालावी, कारण बिघडलेला एखादा कार्यक्रम रात्रभर तक्रारी लिहीत बसतो.

आता हिशेब. ५०० गिगाबाइटांच्या ड्राइव्हला ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देणाऱ्या कंपन्या आहेत. कचेरीत रोज २० गिगाबाइट लिहिले, आणि ते पुष्कळच झाले, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. म्हणजे हमीपुरते लिखाण व्हायला सुमारे ४१ वर्षे लागतील. एवढ्या काळात लिहिणारेच निवृत्त होतील!

हा हिशेब आम्ही २०१९ साली केला असता तर बरे झाले असते. ड्राइव्ह झिजेल या धास्तीने आम्ही कामाची फाइलच मुख्य स्मृतीतल्या तात्पुरत्या कप्प्यात ठेवली होती. रात्री एकदा ती ड्राइव्हवर उतरवीत असू. त्या पावसाळ्यात एक दिवस ३७ कामगारांचे ग्रॅच्युइटीचे अर्ज भरून घेतले. दुपारी चारला वीज गेली. मुख्य स्मृतीतले सारे विजेबरोबर जाते. नोकरीची वर्षे, शेवटचा पगार, वारसांची नावे, सगळे गेले. त्या ३७ जणांना पुन्हा खाडा करून यावे लागले. मागाहून 'स्मार्टसीटीएल' चालवून ड्राइव्हची झीज पाहिली, ती निघाली २ टक्के. यंत्राचे काही मेगाबाइट वाचवण्यासाठी आम्ही माणसांचा एकेक दिवसाचा रोज बुडवला. एक म्हातारा विणकर एवढेच म्हणाला, "साहेब, माग झिजायलाच असतो, कापड निघालं पाहिजे."

तेव्हापासून आमच्याकडे तात्पुरत्या कप्प्यात खरोखर तात्पुरत्या वस्तूच राहतात. वर्गणी व अर्ज थेट ड्राइव्हवर लिहिले जातात, आणि रोज संध्याकाळी त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर व आठवड्याला एक कचेरीबाहेर जाते. कारण झीज ही ड्राइव्हच्या मरणाची एकच वाट आहे. नियंत्रक बिघडला तर नवा ड्राइव्हही पूर्वसूचनेवाचून थांबतो, आणि त्यावर कोणतीही काटकसर चालत नाही. झिजलेला ड्राइव्ह विजेविना कपाटात वर्षानुवर्षे ठेवला तर पेशींतला भार हळूहळू ओसरतो, म्हणून जुने दप्तर त्यात कोंडून ठेवू नये.

तेव्हा श्रोतेहो, जागा मोकळी ठेवा, वर्दी वेळेवर द्या, फुकटचे लिहिणे टाळा, महिन्यातून एकदा झिजेचा आकडा पाहा, आणि प्रत काढल्यावाचून झोपू नका. एवढे केल्यावर त्या यंत्राला खुशाल राबू द्या. ते राबण्यासाठीच आणले आहे.