ध्रुवावरचे निर्णय (भाग 6) : अमुंडसेनची अर्धी माघार

रोआल्ड अमुंडसेनचं नाव निघालं की आठवतो तो 14 डिसेंबर 1911, दक्षिण ध्रुव गाठल्याचा दिवस. नेतृत्व समजून घ्यायचं तर मात्र त्याच वर्षीचा सप्टेंबर पाहावा. ध्रुवाच्या शर्यतीतला ब्रिटिश प्रतिस्पर्धी स्कॉट याच्या मोटार-स्लेज आपल्याला मागे टाकतील ही धास्ती अमुंडसेनला स्वस्थ बसू देत नव्हती. थंडीचा कडाका ओसरला नसतानाच, 8 सप्टेंबरला, तो सात जणांना घेऊन फ्रामहाइम तळावरून निघाला. इतक्या लवकर निघू नये, असं तुकडीतल्या यालमार योहान्सनचं आधीपासून म्हणणं होतं. हा माणूस 1895 मध्ये नान्सेनबरोबर उत्तरेकडे 86 अंश 14 मिनिटांपर्यंत जाऊन आलेला. त्याचं कुणी ऐकलं नाही.

काही दिवसांतच तापमान उणे 56 अंशांवर गेलं. होकायंत्रातला द्रव गोठला, कुत्र्यांचे हाल होऊ लागले. 80 अंश दक्षिण अक्षांशावरच्या साठ्यापाशी सामान उतरवून अमुंडसेनने सर्वांना परत फिरवलं. इथवर त्याचं कौतुकच करावं लागेल. इतकी तयारी केल्यावर पाऊल मागे घेणं सोपं नसतं. पण 16 सप्टेंबरला, परतीच्या शेवटच्या टप्प्यात, तो विस्टिंग या सहकाऱ्याच्या स्लेजवर बसून, हान्सेन या दुसऱ्या सहकाऱ्यासह पुढे निघून गेला. बाकीचे विखुरले. टाचा हिमदंशाने जखमी झालेला प्रेस्टरूड मागे राहिला होता. योहान्सन त्याच्यासाठी थांबला आणि जवळ अन्न नाही, स्टोव्ह नाही अशा अवस्थेत, उणे 50 अंशांच्या आसपासच्या थंडीत, मध्यरात्रीनंतर त्याला घेऊन तळावर पोचला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याने सर्वांसमक्ष नेत्याला जाब विचारला. अमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं आणि अनुभवाने कितीतरी कमी असलेल्या प्रेस्टरूडच्या हाताखाली दुसऱ्या मोहिमेवर धाडलं.

यावर म्हटलं जातं की बर्फावर दोन हुकूम चालत नाहीत. उघड बंड खपवून घेतलं असतं तर शिस्त मोडली असती. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि चारचौघांत बोलण्याची योहान्सनची पद्धतही योग्य नव्हती. पण शिस्त राखायला त्याला वगळणं पुरेसं होतं. नवख्याच्या हाताखाली देणं हा अपमान होता आणि त्याने मोहिमेला काहीच मिळालं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आठांऐवजी पाचच माणसं गेल्याने अन्नाचा हिशेब सुटसुटीत झाला आणि मोहीम फत्ते झाली. हेही खरं. मात्र तुकडी लहान करायला भांडणाची गरज नव्हती. शिवाय हे पाच जण निघाले ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, थंडी उतरल्यावर. म्हणजे योहान्सनचा सल्ला नेत्याने प्रत्यक्षात मानला होता.

चुकीचा निर्णय मागे घेणं आणि ती चूक आधी दाखवणाऱ्याचा मान राखणं, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिलीला अमुंडसेन उतरला, दुसरीला नाही, आणि ध्रुवावरच्या यशामुळे हे अपयश झाकलं गेलं. मोहिमेवरच्या आपल्या पुस्तकात, तुकडीचे दोन भाग करणं परिस्थितीमुळे आवश्यक झालं, एवढंच तो सांगतो. योहान्सनने जानेवारी 1913 मध्ये आत्महत्या केली. तिला हे एकच कारण होतं असं म्हणता येणार नाही. दारू आणि कर्ज त्याच्यामागे आधीपासून होतं. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, याची नोंद नेत्याने करायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात शॅकल्टनकडे वळू. जानेवारी 1909 मध्ये ध्रुव अवघा 180 किलोमीटरवर असताना तो परत फिरला होता.