ट्रकातून गोकाकचा धबधबा

नागपंचमी झाली, की आमच्या निपाणीच्या घरी एकच विषय निघायचा, "यंदा गोकाकला कधी?" चाळीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पावसाळ्यात तंबाखूची भाडी कमी, त्यामुळे काकांचा ट्रक दारातच उभा असे. हौद्यात कडबा, त्यावर सतरंज्या, वर ताडपत्री, आणि घरातली वीस-बावीस माणसं आत. बरोबर स्टोव्ह, घागर, भाकऱ्यांचं गाठोडं, शेंगदाण्याची चटणी आणि आजीची मोसरबुत्ती.

आजी माहेरची हुक्केरीकडची. तिचं निम्मं बोलणं कन्नड. संकेश्वरला ट्रक थांबला, की ती हिरण्यकेशीला हात जोडायची. "ही आंबोलीत उगवते, आजरा, गडहिंग्लज करत इथं येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. आपण निघालोय तिकडंच तीही निघालीय," असं सांगायची. महाराष्ट्रातलं पाणी कर्नाटकात येऊन गोकाकला उडी घेतं, हा भूगोल आम्ही शाळेआधी ट्रकात शिकलो.

गोकाकला धबधबा दिसायच्या आधी ऐकू यायचा. नालाच्या आकाराचा कडा आणि तिथून सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फुटांवर, खाली कोसळणारं लालसर पाणी. काठावर १८८५ साली स्थापन झालेली गिरणी, चालुक्यकाळातलं महालिंगेश्वराचं मंदिर आणि दरीवरचा तो झुलता पूल. पुलावर पाय ठेवला, की काकूंचा रामनामाचा जप सुरू.

रात्री उघड्यावरच मुक्काम. एका वर्षी संध्याकाळी मोठी माणसं चुलीच्या खटाटोपात होती. पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ तांब्या घेऊन खडकावरून पाण्याकडं निघाला. आजीनं ते पाहिलं आणि ओरडली, "मुंद होगब्याड! मुंद होगब्याड!" घाबरल्यावर तिच्या तोंडून कन्नडच यायचं. त्याला ते कळेना. त्याला वाटलं, आजी लवकर जायला सांगतेय. तो आणखी दोन पावलं पुढं गेला. मी जवळच होतो. "पुढं जाऊ नको" हा अर्थ कळला आणि त्याचा सदरा धरून मागं ओढला. तांब्या मात्र शेवाळावरून घरंगळत पाण्यात गेला, तो दिसलाच नाही. त्या रात्री आजी जेवली नाही. मोसरबुत्ती तशीच राहिली.

आज तसा प्रवास कुणी करू नये. मालट्रकातून माणसं नेणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो नियम योग्यच आहे. नदीपात्रात तंबू ठोकणं तर जिवाशी खेळ. गोकाकला ऊन असलं, तरी वर घाटात पाऊस चालू असतो आणि हिडकल धरणातून पाणी सोडलं, की नदी बघता बघता फुगते. मुक्काम गावातल्या लॉजवर किंवा नातेवाइकांकडं करावा. ओल्या खडकावर पाऊल नको आणि पुलावर परवानगी असेल तरच जावं. जुलै ते सप्टेंबर पाणी भरपूर असतं. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माहून परतताना गेलात, तर कड्यावरून पाण्याच्या चार बारीक धारा दिसतील. वेळ असेल, तर मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबाही जवळच आहे. परतताना करदंट विसरू नका.

आणि निघण्याआधी आणखी एक काम करा. पुण्या-मुंबईची भाचरं बरोबर असली, तर त्यांना "होगब्याड", "बा इल्ली", "निल्लू" हे तीन शब्द घरीच शिकवा. आमच्याकडं आता कन्नड बोलणारी आजी नाही. पण गेल्या श्रावणात आतेभाऊ त्याच्या नातवाला घेऊन आला, तेव्हा गाडीतून उतरण्याआधीच तो त्याला म्हणाला, "बाळा, होगब्याड म्हटलं, की जागच्या जागी थांबायचं."