उच्च चित्रस्पष्टतेचे व्यावसायिक कॅमेरे : स्टुडिओ व सुवाह्य कॅमेऱ्यांची वैशिष्ट्ये आणि झाडीपट्टी नाटकाचे चित्रमुद्रण

प्रस्तावना

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राच्या स्थापनेने ते महाराष्ट्रात आले. १९८२ साली चित्र रंगीत झाले, तर २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा उच्च चित्रस्पष्टतेत, म्हणजेच हाय डेफिनिशन (एचडी) स्वरूपात, दाखविल्या गेल्या. एकेकाळी केवळ प्रक्षेपण केंद्रांतच आढळणारे कॅमेरे आता महाविद्यालयांच्याही आवाक्यात येत आहेत. त्यामुळे कोणता कॅमेरा कोणत्या कामासाठी योग्य, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. धानाची कापणी आटोपल्यावर गावोगावी मंडप उभारून रात्रभर होणारी झाडीपट्टीची नाटके हे या भागाचे सांस्कृतिक वैभव आहे. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. मात्र प्रयोग संपला की तो पुन्हा तसाच होत नाही. त्याचे चित्रमुद्रण सदोष झाले, तर पुढील अभ्यासकाच्या हाती सदोष साधनच येते. म्हणून प्रस्तुत लेखात व्यावसायिक एचडी कॅमेऱ्यांच्या वैशिष्ट्यांचे विवेचन करून त्यांचा या कामाशी असलेला संबंध तपासला आहे.

एचडी चित्राचे स्वरूप

जुन्या पाल पद्धतीच्या डिजिटल चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात ते १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० असतात. ही वाढ बरोबर पाचपट आहे. चित्राच्या चौकटीचे प्रमाणही ४:३ ऐवजी १६:९ झाले. रंगमंच हा मुळातच आडवा असल्याने या चौकटीत तो अधिक स्वाभाविकपणे सामावतो.

बिंदू वाढले की दोषही वाढीव स्पष्टतेने दिसतात. जुन्या चित्रात खपून जाणारी फोकसमधील किंचित चूक एचडीत लगेच डोळ्यांत भरते. चेहऱ्यावरील रंगभूषेचा थर आणि नेपथ्याच्या पडद्यावरील सुरकुतीही लपत नाही. म्हणून एचडी कॅमेऱ्याची गुणवत्ता बिंदूंच्या संख्येवरून नव्हे, तर त्या बिंदूंवर किती अचूक नियंत्रण ठेवता येते यावरून ठरते.

दोन्ही प्रकारांतील समान अंगे

पारंपरिक व्यावसायिक एचडी कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश लोलकाद्वारे तांबडा, हिरवा व निळा असा विभागला जातो आणि प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र संवेदक असतो. दोन-तृतीयांश इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संवेदकाचे चित्रक्षेत्र सुमारे ९.६ × ५.४ मिलिमीटर असते. म्हणजेच एका बिंदूच्या वाट्याला अवघ्या ५ मायक्रॉन रुंदीची जागा येते. या कॅमेऱ्यांना बी-४ प्रकारची भिंगे बसतात.

संवेदनक्षमता सांगताना उत्पादक सामान्यतः २००० लक्स प्रकाशातील भिंगछिद्राचा आकडा देतात. तो एफ/१० असेल, तर प्रकाश चौथाई, म्हणजे ५०० लक्स झाल्यावर एफ/५ व १२५ लक्स झाल्यावर एफ/२.५ इतके छिद्र उघडावे लागते. अनेक झूम भिंगे लांब टोकाला एवढी उघडत नाहीत. तेव्हा गेन वाढवावा लागतो. ६ डेसिबल गेनने चित्राची उजळता दुप्पट होते. परंतु चित्रातील दाणेदारपणाही वाढतो.

स्टुडिओ कॅमेऱ्याची वैशिष्ट्ये

स्टुडिओ कॅमेरा एकटा काम करीत नाही. तो कॅमेरा कंट्रोल युनिटला (सीसीयू) केबलने जोडलेला असतो. एकाच संयुक्त केबलमधील प्रकाशतंतूंतून चित्र, ध्वनी व सूचनांची ये-जा होते आणि तांब्याच्या तारांतून वीज पुरविली जाते. चालक केवळ चौकट, झूम व फोकस सांभाळतो. भिंगाचे छिद्र, काळ्या रंगाची पातळी आणि रंगसंतुलन नियंत्रण कक्षातील तंत्रज्ञ ठरवितो. त्यामुळे तीन-चार कॅमेऱ्यांचे रंग परस्परांशी जुळतात आणि दृश्य बदलताना कलावंताच्या शालूचा रंग बदलत नाही.

जेनलॉकमुळे सर्व कॅमेऱ्यांचे चित्र एकाच ठेक्यावर चालते. टॅली दिव्यामुळे कोणता कॅमेरा प्रसारणात आहे हे कळते, तर टॉकबॅकद्वारे दिग्दर्शकाच्या सूचना चालकाच्या कानी पडतात. मोठे भिंग, मोठा व्ह्यूफाइंडर व चाकांचे पेडेस्टल यांमुळे हालचाल स्थिर होते. या व्यवस्थेची किंमत मात्र वजन, केबल, वीज व मनुष्यबळ या रूपांत मोजावी लागते.

सुवाह्य कॅमेऱ्याची वैशिष्ट्ये

‘सुवाह्य’ या शब्दाचे दोन अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात स्टुडिओ कॅमेऱ्याचाच लहान, खांद्यावर पेलणारा भाऊबंद येतो. तोही केबलने सीसीयूशी जोडलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे कॅमकॉर्डर. त्यात मुद्रणाची सोय कॅमेऱ्यातच असते. १९९७ साली सोनीने एचडीकॅम ही फीत-पद्धती आणली. पुढे फितीची जागा प्रामुख्याने मेमरी कार्डांनी घेतली.

कॅमकॉर्डरमध्ये संपूर्ण नियंत्रण कक्ष जणू एका माणसाच्या हाती येतो. प्रखर प्रकाश कमी करणारे एनडी फिल्टर, पांढऱ्या रंगाचे संतुलन, अतिप्रकाशित भाग दर्शविणारे झेब्रा पट्टे, गेन व शटर यांची बटणे चाचपून सापडतील अशा जागी असतात. प्रखर भागातील तपशील राखण्यासाठी ‘नी’ नियंत्रण उपयोगी पडते. भारतात विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास विजेच्या अनेक दिव्यांची लुकलुक टाळता येते. काही एलईडी दिव्यांबाबत मात्र आधी चाचणी घेणे इष्ट.

झाडीपट्टीच्या मंडपातील कसोटी

मंडपातील परिस्थिती स्टुडिओपेक्षा सर्वस्वी वेगळी असते. रंगमंचावर झगझगीत प्रकाश व भोवती गडद काळोख असतो. अशा वेळी स्वयंचलित भिंगछिद्र काळोखाला भुलून अधिक उघडते आणि कलावंताचा चेहरा पांढराफटक होतो. अभिनयाचे मर्म ज्या डोळ्यांत असते, तेच मुद्रणातून नाहीसे होतात. ही हानी संकलनाच्या वेळी भरून काढता येत नाही. म्हणून छिद्र हाताने, चेहरा प्रमाण मानून ठरविणे अनिवार्य आहे.

दुसरी कसोटी कालावधीची. ९५ वॅट-तास क्षमतेची बॅटरी ३५ वॅट वापरणाऱ्या कॅमेऱ्याला हिशोबाने सुमारे पावणेतीन तास पुरते. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने सहा तासांच्या प्रयोगाला एका कॅमेऱ्यामागे सुमारे १३५ गिगाबाइट जागा लागते. तीन कॅमेऱ्यांना ४०५. प्रयोग बॅटरीसाठी थांबत नसल्याने वीज व साठवण यांची तजवीज आधीच करावी लागते.

सीसीयूसह पूर्ण संच नेणे शक्य नसेल, तर तीन सुवाह्य कॅमेऱ्यांची मांडणी व्यवहार्य ठरते : एक संपूर्ण रंगमंचासाठी, दुसरा मुद्राभिनयासाठी व तिसरा वादक आणि प्रेक्षक यांच्यासाठी. तिन्हींचे पांढरे संतुलन एकाच दिव्याखाली, एकाच पांढऱ्या कागदावर करावे व टाइमकोड जुळवून घ्यावा. तिन्ही चित्रांकडे एकत्र पाहून छिद्राच्या सूचना देणारी एक व्यक्ती नेमल्यास स्टुडिओ व्यवस्थेचा मुख्य लाभ अल्प खर्चात मिळतो.

समारोप

स्टुडिओ कॅमेरा श्रेष्ठ व सुवाह्य कॅमेरा कनिष्ठ, ही समजूत योग्य नाही. दोघांचे संवेदक व भिंगांची जोडणी बहुधा समान असते. भेद आहे तो नियंत्रणाच्या विभागणीत. स्टुडिओत ते अनेकांमध्ये वाटलेले असते, तर मैदानात एकाच्या खांद्यावर येते. म्हणून महाविद्यालयांनी कॅमेऱ्याची निवड करताना चित्रबिंदूंच्या आकड्याबरोबरच छिद्र, गेन, शटर व टाइमकोड यांवरील हस्तनियंत्रणाची सोय तपासावी आणि ते हाताळण्याचे प्रशिक्षण विद्यार्थ्यांना द्यावे. असे विद्यार्थी तयार झाल्यास झाडीपट्टीचा रंगमंच पुढील पिढीच्या अभ्यासकांना केवळ ऐकीव माहितीतून नव्हे, तर कलावंतांच्या चेहऱ्यावरील भावांसह पाहता येईल.