सकळ लिपीच्या कुलुपात राहिलेली मराठी

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या कडेने वाहणारी वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथे मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाची ही काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ लिहिले ते इथेच. काळ शके 1200, म्हणजे 1278 च्या सुमाराचा मानतात. ज्याने प्रसंग पाहिला-ऐकला त्यालाच गाठायचे आणि चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून खातरजमा करून घ्यायची, ही म्हाइंभटांची रीत. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली आणि साहजिकच एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. पंथाने ही तफावत दडवली नाही. निरनिराळे पाठ ‘वासना’ म्हणून टिपून ठेवले. पाठभेद नोंदवण्याची शिस्त आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो असे मानणाऱ्यांनी या पोथ्या एकदा चाळाव्यात.

नंतर पोथ्या सांकेतिक लिप्यांत गेल्या. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रचलित. तिचा कर्ता रवळोव्यास. युक्ती साधीच : एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह. हेतू धर्मग्रंथ परक्यांच्या नजरेपासून राखण्याचा होता, पण त्यात भाषाही राखली गेली. लोकप्रिय ग्रंथाची नक्कल करणारा नकळत आपल्या काळची मराठी त्यात घालतो. ‘देवु’चा ‘देव’ होतो, अडलेला शब्द बदलला जातो. ‘ज्ञानेश्वरी’त इतकी सरमिसळ झाली, की शके 1506 मध्ये एकनाथांना ती शुद्ध करायला बसावे लागले. कुलुपातल्या पोथीला असे हात कमी लागले. अजिबात लागले नाहीत असे मात्र नाही. नक्कल करणारे महानुभावही माणसेच होती.

नकलाकारांच्या सरमिसळीचे हेच दुखणे आयर्लंडच्या भाषेलाही होते. तिथे साधारण 900 ते 1200 या काळातल्या भाषेला मध्य आयरिश म्हणतात. क्रियापदाची अवघड रूपे या काळात सोपी होत गेली आणि नपुंसकलिंग मावळले. आपण आजही ‘ते मूल’ म्हणतो. आयरिश माणूस ती सोय तेव्हाच सोडून बसला. त्याआधीची जुनी आयरिश अभ्यासकांना बरीच निर्भेळ मिळाली, कारण युरोपातल्या मठांत आयरिश भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या समासात लिहिलेल्या टिपा जशाच्या तशा राहिल्या. रुडॉल्फ थुर्नआयझेन यांचे 1909 चे व्याकरण त्या टिपांवर उभे आहे. मध्य आयरिशचे तसे नाही. नकलाकाराने एका ओळीत जुने रूप ठेवायचे, पुढच्या ओळीत नवे घालायचे, आणि कधी पांडित्य मिरवायला खोटेच जुने रूप बनवायचे. यातले खरे जुने कोणते, हे ओळखण्यातच संपादकाचा कस लागतो. ‘भुऱ्या गाईचा ग्रंथ’ म्हणून ओळखली जाणारी तिथली प्रसिद्ध पोथी क्लोनमॅकनॉइसच्या मठाशी जोडलेली आहे; तिचा एक लेखक मेल मुइरे 1106 मध्ये त्याच मठात लुटारूंच्या हातून मारला गेला.

आयरिश आणि भारतीय पोथ्यांच्या अभ्यासांना जोडणारा माणूस भारतात सरकारी नोकरीत होता. डब्लिनचा व्हिटली स्टोक्स 1862 मध्ये मद्रासला आला आणि पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य झाला. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा घडवणाऱ्यांत तो होता. वर्ध्याच्या कोर्टात आजही त्याची कलमे वाचली जातात. वाचणाऱ्या वकिलांना हा गृहस्थ फावल्या वेळात मध्य आयरिशमधली संतचरित्रे संपादत होता याची कल्पना नसावी. ती त्याने 1877 मध्ये कलकत्त्यात छापली. देशभरातल्या संस्कृत पोथ्यांची मोजदाद करण्याची 1868 ची योजनाही त्याच्याच हाताखाली आखली गेली. त्यातून संस्कृत पंडित कीलहॉर्न यांची मध्य प्रांतातील संस्कृत हस्तलिखितांची यादी 1874 मध्ये नागपुरात निघाली. वर्धा जिल्हा त्याच प्रांतात होता. पण यादी संस्कृतची. मायबोलीच्या मध्ययुगीन पोथ्यांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाच्या योजनेत महानुभाव मठांतल्या मराठी पोथ्यांना जागा नव्हती, हे मला फार खटकते.

त्यांची दखल विसाव्या शतकात घेतली गेली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. हरि नारायण नेने यांनी नागपुरातून ‘लीळाचरित्र’ भागाभागांनी छापले, आणि विष्णु भिकाजी कोलते यांची मोठी आवृत्ती 1978 मध्ये आली. तिच्यावरून पंथात वाद पेटला. जी पोथी अभ्यासकाला पुरावा वाटते तीच उपासकाला पूजनीय असते, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा शब्दकोश 1999 मध्ये निघाला. आयरिश भाषेच्या अशा कोशाला रॉयल आयरिश अकादमीला 1913 ते 1976 इतका काळ लागला होता. पण त्यामागे एक संस्था होती, इथे मुख्यतः दोन माणसे.

आता संस्थाही आल्या आहेत. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने रिद्धपुरात चक्रधरस्वामींच्या नावाने मराठीचे अध्ययन केंद्र काढले आणि राज्याचे मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आले. इमारती, पदे, अभ्यासक्रम यथावकाश होतील. माझ्या मते पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला सकळ लिपी शिकवावी, दुसऱ्यात एकाच लीळेच्या चार नकला समोर ठेवून कोणते रूप कुठल्या काळचे ते विचारावे, आणि छापील आवृत्ती त्यानंतरच हातात द्यावी.