स्नान एकदाच

१५४७ साल. लूथरच्या अनुयायांशी चाललेला वाद ऐन भरात आला होता. ट्रेंट गावी परिषदेला बसलेले कॅथलिक बिशप त्या मंडळींची एकेक शिकवण खोडून काढत होते. आणि ३ मार्चला त्याच परिषदेने जाहीर केलं, की पाखंडी माणसाने दिलेला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माही, खराच असतो. अट एवढीच, की तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आणि चर्चच्याच हेतूने दिलेला असावा. तो खरा नाही असं म्हणेल तोच चर्चबाहेर! भांडणाच्या भरात, ज्याच्याशी भांडतोय त्याच्या हातचं पाणी पवित्र मानायचं, हे वाचून मी अजूनही थक्क होतो.

हा वाद मुळात तिसऱ्या शतकातला. कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत, चर्चबाहेर झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, तो पुन्हा द्या. रोमचे पोप स्तेफन म्हणाले, पुन्हा द्यायचा नाही. पुढे संत ऑगस्टिन यांनी त्यामागचं कारण उलगडून सांगितलं: हात कोणाचाही असो, स्नान घालणारा ख्रिस्तच असतो. म्हणून देणाऱ्याच्या पंथावर काही अडत नाही.

याचा अर्थ कॅथलिक चर्च इथे ढिलं आहे असा मात्र नाही. २०२० साली रोमने स्पष्ट केलं, की ‘मी तुला’ऐवजी ‘आम्ही तुला स्नानसंस्कार देतो’ म्हटलं तर तो संस्कार झालाच नाही. म्हणजे कॅथलिक फादरांनी ‘आम्ही’ म्हटलं तर सगळं पहिल्यापासून करायचं, आणि प्रोटेस्टंट पाळकसाहेबांनी पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले तर ते मात्र पक्कं! शिकवण सैल केली म्हणून हे दार उघडलेलं नाही, ती तंतोतंत पाळली म्हणून उघडलं आहे.

मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात हे सगळं अगदी घरगुती होऊन बसतं. कॅथलिकांसाठी हा जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. दुसरीकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचाही मराठवाड्यात धर्मप्रांत आहे. सहा प्रोटेस्टंट मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आल्या, त्यातून हे चर्च उभं राहिलं. त्यांत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसेच जाणतेपणीच द्यायचा म्हणणारे बॅप्टिस्टही होते. दोन्ही रीती चालतील असं ठरवून त्यांनी संसार एक केला. कॅथलिक त्यात नव्हते, पण पाणी तेच.

आता प्रोटेस्टंट घरातली मुलगी कॅथलिक मुलाशी लग्न करते तेव्हा बिशपांची परवानगी लागते. मुलगा वचन देतो, की आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी होईल ते सगळं करीन. मुलीला धर्म बदलावा लागत नाही. दोघांचा बाप्तिस्मा खरा, म्हणून त्यांचं लग्न कॅथलिक दृष्टीनेही पूर्ण संस्कार ठरतं. पुढे कधी तिने स्वतःहून कॅथलिक व्हायचं ठरवलं, तरी तिच्या डोक्यावर पुन्हा पाणी पडत नाही. ती श्रद्धा जाहीर करते, दृढीकरण घेते, आणि नोंदवहीत तिच्या मूळ बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण तसंच उतरवलं जातं.

पण मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तप्रसाद म्हणून भाकर वाटली जाते तेव्हा, काही अपवाद सोडले तर, तिला आपल्या नवऱ्याबरोबर तो घेता येत नाही. आपल्याकडे बहुधा आधी रोटीव्यवहार सुरू होतो आणि बेटीव्यवहाराला वेळ लागतो. इथे बेटीव्यवहार झाला, रोटी तेवढी अडली आहे. कारण कॅथलिकांच्या मते ही भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, आणि ती एकत्र खाणं म्हणजे आपली श्रद्धा पूर्ण एक झाली असं सांगणं. ते अजून खरं नाही, म्हणून सांगायचंही नाही. मला हा नियम जाचतो आणि पटतोही. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक आणि बाप्तिस्मा झालेले इतर ख्रिस्ती यांच्यातल्या नात्याला अपुरं पण खरं म्हटलं. आणि दर वर्षी १८ ते २५ जानेवारीला दोन्हीकडची माणसं ते पुरं व्हावं म्हणून प्रार्थना करतात.