लेखमाला : स्पॅनिशची तोंडओळख
उंबर : तो की ते?

उंबरमाळीच्या फलाटावर लोकल शिरताना दिसली, की तोंडून निघतं, ‘गाडी आली.’ ‘आला’ की ‘आली’, हे कुणी थांबून ठरवत नाही. हीच लोकल स्पॅनिशमध्ये ‘एल त्रेन’, म्हणजे चक्क पुल्लिंगी. मराठी विद्यार्थी मात्र गाडीच्या ओढीने ‘ला त्रेन’ म्हणून मोकळा होतो.

निर्जीव वस्तूलाही लिंग असतं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत वाढलेल्याला तिथपासून सुरुवात करावी लागते. मराठी माणसाची अडचण उलटी आहे. त्याच्या डोक्यात प्रत्येक जागा आधीच भरलेली असते. चंद्र ‘तो’, नदी ‘ती’. स्पॅनिशमध्ये चंद्र ‘ला लूना’, म्हणजे ती. आणि नदी ‘एल रिओ’, म्हणजे तो. त्यातून स्पॅनिश नामांना नपुंसकलिंग नाही, तेव्हा आपल्या ‘ते’वाल्यांची सोय लावावी लागते : झाड ‘एल आर्बोल’कडे, फूल ‘ला फ्लोर’कडे, दूध ‘ला लेचे’कडे. दूध बाईच्या वाटणीला का आणि झाड पुरुषाच्या का, हे विचारण्यात अर्थ नाही. भिंत ‘ती’ का, हे मराठीत तरी कोण सांगतं?

खरी मेख शेवटच्या ‘आ’मध्ये आहे. घोडा, आंबा, दरवाजा, रस्ता : मराठी कानाला ‘आ’ पुरुषी वाटतो. शाळा, भाषा, सभा असे संस्कृतातून आलेले शब्द सोडले, तर तो अंदाज सहसा चुकत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आ’ बहुतेक वेळा स्त्रीलिंगी. घर ‘ला कासा’, टेबल ‘ला मेसा’.

‘आ’ला पुल्लिंगी मानायची ही चूक आजच्या विद्यार्थ्यांची म्हणावी, तर मराठीने ती फार पूर्वीच करून ठेवली आहे. 1534 ते 1739 या काळात वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. पोर्तुगीज भाषा, स्पॅनिशची ही सख्खी बहीण, तेव्हा कोकणपट्टीत नांदत होती, आणि मराठीने तिच्याकडून बरंच काही उचललं. ‘बताता’ पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी. मराठीत शेवटचा ‘आ’ पाहून त्याचा ‘तो बटाटा’ झाला. ‘बाल्दे’ पुल्लिंगी होता, त्याची ‘ती बालदी’ झाली. ‘पीपा’ बाई होती, तिचं ‘ते पिंप’ झालं. चावी तेवढी तिथेही ‘ती’ आणि इथेही ‘ती’. स्पॅनिशमध्ये बटाटा ‘ला पाताता’ आहे, किल्ली ‘ला यावे’.

‘आ’ म्हणजे ती, हे एकदा घोटलं, की अपवाद दार ठोठावतात. ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल सिस्तेमा’, ‘एल क्लीमा’ : ‘मा’ने संपणारे हे शब्द मूळ ग्रीक, तिथे नपुंसकलिंगी, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी. नकाशाही पुल्लिंगी, ‘एल मापा’. दिवस ‘एल दिआ’. ‘बुएनोस दिआस’ म्हणून रोज नमस्कार करणारा विद्यार्थीच पुढच्या वाक्यात ‘ला दिआ’ म्हणतो! उलट बाजूला हात ‘ला मानो’, आणि ‘ला फोतो’, कारण तो ‘फोतोग्राफीआ’चा तुकडा आहे.

पाण्याची गंमत वेगळी. ‘आग्वा’ स्त्रीलिंगीच, पण सुरुवातीच्या ‘आ’वर आघात असल्याने ‘ला’च्या जागी ‘एल’ येतो. विशेषण मात्र फसत नाही : थंड पाणी ‘एल आग्वा फ्रीआ’, ‘फ्रीओ’ नव्हे. अनेकवचनात ‘लास आग्वास’ म्हटलं, की सोंग उतरतं.

एका ठिकाणी मात्र मराठी मदतीला धावते. समोर पुरुष असला तरी आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो. स्पॅनिशमध्येही ‘ला पेर्सोना’च.

झाडं आणि फळं शिकताना तर उंबरमाळीच्या मुलाने मागे राहायचं कारण नाही. बोरीखाली पडलेलं बोर, जांभळीखालचं जांभूळ : झाड ‘ती’, फळ ‘ते’, हे त्याला लहानपणापासून पाठ. स्पॅनिशमध्येही झाड-फळाची लिंगं बदलतात, फक्त झाड ‘तो’ आणि फळ ‘ती’. संत्र्याचं झाड ‘एल नारांखो’, संत्रं ‘ला नारांखा’; सफरचंदाचं झाड ‘एल मांथानो’, फळ ‘ला मांथाना’. आंबा दोन्हीकडे पुल्लिंगीच, झाडही ‘एल मांगो’ आणि फळही.

मग उंबर? झाड ‘तो’, फळ ‘ते’. त्याच्याच कुळातल्या अंजिराने स्पॅनिशमध्ये नियम उलटवला आहे : फळ ‘एल इगो’, आणि झाड ‘ला इगेरा’, अगदी आपल्या बोरीसारखी बाई.