पन्नाशीनंतरचा टोपपदर

वय झालं की फिकं नेसावं, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की केस पांढरे दिसताच दुकानदार मोतिया आणि राखाडी साड्यांचा ढीग पुढ्यात टाकतात. माझं मत नेमकं उलट आहे. पांढऱ्या केसांशेजारी मोतिया रंगाने चेहरा उतरलेला दिसतो. गर्द जांभळा, मोरपंखी, चंद्रकळेचा काळा यांनी तो खुलतो.

नव्या नवरीचा हिरवा शालू, सोवळ्या विधवेचं आलवण, नऊवारी जाऊन आलेली सहावारी, यांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला बोलायचंय ते इरकल साडीबद्दल.

इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कितीतरी आज्या-पणज्यांनी तिथलीच लुगडी नेसली. या साडीचा टोपपदर लाल रेशमाचा, त्यावर देवळाच्या शिखरांसारखी पांढरी टोकं. पण खरी करामत मागावर पाहावी. अंगाचा उभा ताणा सुती, पदराचा रेशमी, दोन्ही वेगळे. जिथे ते भेटतात तिथे एका धाग्याचा फास दुसऱ्याच्या फासात अडकवत जायचं, पन्हाभर. म्हणूनच ताणा एका वेळी एकाच साडीचा लावतात. मी इळकलला गेले तेव्हा एक विणकर बाई हेच करत होती. एक फास नीट दिसेपर्यंत तिचा पुढचा पडलेला असायचा. अस्सल साडी उलटी करून पदराच्या सुरुवातीला नख फिरवा, ही जोडरेघ बोटाला लागते. छापील टोपपदरात तिथे काहीच लागत नाही.

पोत असा हाताला कळू लागला की आवड पक्की होते, मग वय आड येत नाही. एक परदेशी उदाहरण पाहा. न्यूयॉर्कच्या आयरिस अ‍ॅपफेल यांनी १९५० साली नवऱ्याबरोबर जुन्या विणींची कापडं नव्याने विणून घेणारी कंपनी काढली. २००५ साली तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांच्या कपडे-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. भडक रंग, मोठाले गळ्यातले, भल्याथोरल्या गोल चौकटीचा चष्मा. वयाला साजेसं नाही म्हणून त्यांनी काही सोडलं नाही. कापडात घालवलेली वर्षं त्या निवडीमागे उभी होती, असं मला ठामपणे वाटतं.

शरीराचंही ऐकावंच लागतं. पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून गरम वाफा येतात, तेव्हा सिंथेटिक साडी नको होते. इरकलीचं सुती अंग वारा खेळू देतं आणि रेशमी पदरामुळे ती लग्नातही चालते. वयाबरोबर उंची थोडी घटते, साडी कमरेशी जास्त खोचावी लागते; अशा वेळी रुंद काठापेक्षा बारीक काठ बरा. बोटं दुखत असतील तर निऱ्या खुशाल शिवून घ्याव्यात, त्यात कसला कमीपणा? आणि त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाचं, कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं शिवावं. इरकलीवर त्याच्याइतकं दुसरं काही शोभत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातल्या साड्या बाहेर काढाल तेव्हा एक करा. दिवसभर नेसूनही जी एकदाही सावरावी लागली नाही, ती साडी वेगळी ठेवा. तिचा पोत, वजन, काठ, रंग नीट पाहून घ्या आणि पुढची खरेदी तिच्यावरूनच करा. शक्य असेल तर हातमागाचीच घ्या.